बोलायला दिलेला दंडुका

मी दंडुका बोलतोय. माझ्या कुळातल्या कथा तुम्ही लहानपणी ऐकल्या असतील. तेव्हा माझी कथा त्यांत कुठे बसते, ते आधीच सांगून टाकतो. मागाहून गैरसमज नकोत.

काठीची कथा ढोबळमानाने तीन रूपांत सांगितली जाते. पहिल्या रूपात काठी मालकाच्या शब्दासरशी उठते, दुष्टाला बडवून काढते आणि गरिबाची पळवलेली जादूची हंडी परत मिळवून देते. दुसऱ्या रूपात ती चोर ओळखते. शहाणा माणूस प्रत्येक संशयिताला सारख्या लांबीची काठी देतो, चोराची काठी सकाळपर्यंत बोटभर वाढेल असे सांगतो, आणि जो भीतीने आपली काठी बोटभर कापून आणतो तो अलगद सापडतो. तिसरे रूप त्यामानाने विरळ. कोरडी काठी जमिनीत रोवलेली असते, आणि अपराध्याला क्षमा मिळाली की तिला पालवी फुटते. सांगणारा बदलला की हंडीची थैली होते, बोटाची वीत होते. गाभा मात्र तोच राहतो. काठीला न्याय कळतो, हा तो गाभा.

मला तो कधी कळला नाही. मी मारले ते माझ्या मनाने नव्हे. चोर मला कधी ओळखता आला नाही. पालवीचे म्हणाल, तर माझ्यावर इतक्या वेळा रोगण चढले आहे की आत लाकूड आहे याचाच मला अधूनमधून विसर पडतो. तरीही माझी कथा याच कुळातली आहे, आणि तिच्यात एका माणसाचा तुरुंग टळतो की नाही, एवढाच प्रश्न आहे.

माझा जन्म एका सरकारी सुतारशाळेत झाला. लाकूड कठीण, रेषा सरळ. लेथवर मला कातणारा कारागीर अबोल होता; दिवसभर तो एकाच मापाचे दंडुके काढी आणि संध्याकाळी अंगावरचा भुसा झटकून घरी जाई. आपण काय घडवतो याविषयी त्याने काही विचार केला असेल, तर तो माझ्या कानावर आला नाही. एका टोकाला पितळी कडे बसवले, मुठीपाशी चामड्याची वादी गुंडाळली, आणि माझ्यासारख्याच भावंडांबरोबर मोळीत बांधून मला गावातल्या पोलीस चौकीत पाठवले.

तिथे मी एका हवालदारांच्या हाती आलो. त्यांनी मला हवेत दोनदा फिरवले आणि म्हणाले, "वजन बरंय." माझे सारे नामकरण एवढेच.

हवालदार वाईट नव्हते. लोक दंडुक्याच्या मालकाची कल्पना जशी करतात, तसे तर मुळीच नव्हते. ते माझ्या टोकाने पंख्याचे उंचावरचे बटण दाबत, दारात झोपलेल्या कुत्र्याला ढोसत, फाटक लोटत. माझा सर्वांत जास्त उपयोग त्यांनी पाठ खाजवण्यासाठी केला. हिशेबाने पाहू गेल्यास माझ्या आयुष्याचा मोठा भाग एकाच पाठीच्या सुखात गेला आहे. पण दंडुक्याच्या बाबतीत असले काही कोणी लक्षात ठेवत नाही.

लक्षात राहते ती आतली खोली. चौकीच्या मागच्या बाजूला ती होती; तिला एकच दार, आणि त्या दाराला आतून कडी. तिथे माणसे आणली जात. मला चेहरे आठवत नाहीत, मला अंगे आठवतात: पाठ, पोटऱ्या, तळपाय, तळहात. प्रत्येक वेळी हवालदार एकच शब्द उच्चारत. "बोल." थोड्या वेळाने पुन्हा, "बोल, म्हणजे सुटशील." आणि माणूस बोले. बोलणे आणि मी यांचा संबंध असा जुना आहे. तिथे उभा राहून मला एक गोष्ट समजली, ती सांगतो. माराखाली माणूस खरे बोलतो असे नाही. ज्याने मार थांबेल ते बोलतो. कधी ती दोन्ही एकच निघत, कधी नाही. फरक तपासण्याची गरज मात्र त्या खोलीत कोणाला वाटत नसे. बाहेर आले की हवालदार घाम पुसत आणि चहा मागवत.

वर्षे गेली. चोऱ्या कमी झाल्या नाहीत. तुरुंगात गेलेला माणूस बाहेर येई, त्याला काम कोणी देत नसे, आणि तो पुन्हा आत जाई. हवालदारांचे केस पिकले, माझी वादी काळी पडून तुटली. मग गावात नवी नगरपालिका निवडून आली, आणि तिच्या सुरक्षा समितीने ठरवले की हे असे चालायचे नाही.

समितीने ज्या गोष्टी केल्या, त्या बऱ्या होत्या. हे मी कोणाचे मन राखण्यासाठी म्हणत नाही. बंद पडलेले रस्त्यावरचे दिवे दुरुस्त केले. रात्रीच्या फेरीसाठी पालिकेचे बिनदंडुक्याचे गस्त पथक काढले. त्यात निवृत्त हवालदारांना घेतले, माझ्या हवालदारांनाही, कारण त्यांना गल्ल्या माहीत होत्या. आणि किरकोळ गुन्ह्यांसाठी समेटाच्या बैठका सुरू केल्या. पोलिसांनी आणि कोर्टाने मान्य केले की ज्याचे नुकसान झाले तो आणि ज्याने केले तो दोघे राजी असतील, तर त्यांना समोरासमोर बसवावे. भरपाई ठरली आणि पाळली गेली, तर खटला होऊ नये.

चौकीतले मोडीत काढलेले जुने दंडुके एका पोत्यात भरून पालिकेत आले. त्या पोत्याकडे पाहताना समितीच्या सभापतींना एक कल्पना सुचली.

"बैठकीत सगळे एकदम बोलतात, बरोबर?" ते भर सभेत म्हणाले. "मग एक वस्तू ठेवू. ती ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं. आणि ती वस्तू कोणती? हाच दंडुका! काल मारत होता, आज बोलतं करील!"

टाळ्या पडल्या. फोटो निघाला. माझे नाव 'संवाददंड' ठेवण्याचा ठराव झाला. ही चूक कोणी दुष्टपणे केलेली नव्हती. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणी कधी त्या आतल्या खोलीत गेलेले नव्हते, इतकेच.

पोत्यातून मला निवडले ते पालिकेच्या सुताराने. "याला चिरा कमी आहेत," तो म्हणाला. मग मला निरखून पुढे म्हणाला, "साहेब, नवीन लाकूड देतो की. हलकं, गुळगुळीत."

"नवीन लाकडात अर्थ काय?" सभापती म्हणाले.

"अर्थ नसेल साहेब, पण वजनही नसेल."

सभापती हसले. सुताराने मला मुठीकडून निम्मे कापले, कड घासली, रोगण दिले. पितळी कडे आठवण म्हणून तसेच ठेवले. त्यावर एक पोचा होता. तो चौकीतल्या लोखंडी खाटेवर आपटून पडलेला.

बैठकांची खोली अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावर होती. खाली लाल बंब उभा असे, आणि रोज त्याचे इंजिन थोडा वेळ चालू ठेवीत. तेवढा वेळ वरच्या खुर्च्या थरथरत. खुर्च्या घडीच्या, गोलाकार मांडलेल्या. भिंतीवर नियम लावलेला: संवाददंड ज्याच्या हातात, त्यानेच बोलावे; लागोपाठ तीन बैठका जो बोलणार नाही, त्याला समेट नको असे समजून त्याचे प्रकरण कोर्टाकडे परत जाईल.

बैठका चालवणाऱ्या बाईंना सगळे मॅडम म्हणत. त्या पूर्वी इस्पितळात परिचारिका होत्या. खुर्चीत बसताच त्या पायातल्या चपला काढून खुर्चीखाली सरकवत आणि पावले गार फरशीवर टेकवत. दिवसाला तीन-तीन भांडणे ऐकून त्यांचा आवाज सपाट झाला होता. कोणी रडू लागले की त्या पाण्याचा पेला पुढे करत. कोणी ओरडू लागले तरी पाण्याचा पेलाच.

मी हातोहात फिरू लागलो. माणसांच्या पकडीचा अभ्यास करायला याहून बरी जागा मिळाली नसती. दुकानदार मला लेखणीसारखे धरीत. बाप अंगठ्याने माझे रोगण घासत बसे, जणू मुलाच्या वागण्याचा डाग तिथेच पडला आहे. दोन शेजारणी कुत्र्याच्या भुंकण्यावरून आल्या आणि मला एकमेकींकडे इतक्या त्वेषाने देऊ लागल्या की मॅडमना मध्ये हात घालावा लागला. काही प्रकरणे मिटली. काहींत माणसांनी माना डोलावल्या, हात जोडले, आणि पुढच्याच आठवड्यात पुन्हा तेच केले. काही जण मला घ्यायला कचरत. दोन बोटांत धरून, पुटपुटून, झटकन पुढे देत. मॅडमना वाटे, लाजताहेत. मलाही तसेच वाटे. या साऱ्याने मी थकत चाललो होतो. मारताना मी एकाच हातात असे. बोलते करताना अनेकांच्या घामाने ओला होऊ लागलो.

अशात वायरमनचे प्रकरण आले.

शाळेमागच्या गल्लीतल्या दिव्यांची केबल चोरीला गेली होती. आतल्या तांब्यासाठी ती कापणारा माणूस लगेच पकडला गेला, कारण ज्या सफाईने जोडपेटी उघडली होती ती एका माणसाचीच असू शकत होती. ती केबल दोन वर्षांपूर्वी त्यानेच टाकलेली होती. पालिकेच्या ठेकेदाराकडे तो वायरमन होता. ठेकेदाराने त्याला काढून टाकले होते. त्याच्या नावावर सायकलचोरीचा एक जुना गुन्हा होता, त्यामुळे हे प्रकरण कोर्टात गेले असते तर त्याला तुरुंग ठरलेला होता.

त्या अंधाराने एक माणूस जायबंदी केला होता. गल्लीत एका शिंपीणबाईंचे दुकान होते. त्या संध्याकाळी कुलूप लावून खाली उतरताना त्यांना पायरी दिसली नाही. उजव्या हातावर पडल्या. मनगट जुळले, पण अंगठा मिटेना. सुई धरता येत होती, कात्री धरता येत नव्हती.

पहिल्या बैठकीत शिंपीणबाईंनी मला डाव्या हातात घेतले.

"मला जास्त बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "मला याला एकच विचारायचंय. तू ज्या दिव्याखालची वायर कापलीस, त्या दिव्याखाली कोण असतं, हे तुझ्या मनात आलं का नाही? एवढं सांग. मग मी ठरवते तुझं काय करायचं."

त्यांनी मला पुढे केले. वायरमनचे लक्ष पितळी कड्यावरच्या पोच्याकडे गेले. त्याने दोन्ही हात काखेत घातले.

"घ्या दादा," मॅडम म्हणाल्या.

"नको."

शेजारी त्याची थोरली बहीण बसली होती. आई गेल्यापासून तिनेच त्याला वाढवले होते. "घे रे," तिने कोपराने ढोसले. "चावतंय का ते?"

"ताई, नको. मी असाच बोलतो."

"तसं चालत नाही," मॅडम सपाट आवाजात म्हणाल्या. "सगळ्यांना एकच नियम."

तो गप्प बसला. त्याने मला हात लावला असता, तर मी त्याला ओळखले असते. मी म्हणालो ना, मला अंगे आठवतात. पण त्याने हात लावला नाही. बहिणीने मला शिंपीणबाईंच्या हातातून घेऊन पलीकडे दिले. पलीकडे गस्त पथकातर्फे हवालदार बसले होते. माझी मूठ कापली होती, वादी गेली होती, तरी त्यांची बोटे माझ्यावर जुन्या सवयीने बरोबर बसली. वायरमन त्या बोटांकडे पाहत राहिला. हवालदार म्हणाले, "पोरगा तसा वाईट दिसत नाही. बोलला तर बरं होईल," आणि त्यांनी मला मॅडमकडे दिले.

दुसरी बैठकही अशीच गेली. शिंपीणबाई चिडल्या. "दगड आहे नुसता! मी हात मोडून घेतला, मी दोनदा जिना चढून आले, आणि हा राजासारखा हाताची घडी घालून बसलाय."

बैठक संपल्यावर दाराशी बहिणीने त्याला धारेवर धरले. मी जवळच्या खुर्चीवर होतो.

"आत जायचंय का तुला? मी डबा घेऊन येणार नाही तिथं, सांगून ठेवते."

"बोलेन गं. ते लाकूड मधे आणलं नाही, तर बोलेन."

"लाकूड मधे आणलं नाही तर! नवरदेव आहेस का? मानपान हवाय? पुढच्या खेपेला शेवटची बैठक आहे, कळतंय का तुला? तेव्हा गप्प राहिलास की संपलं."

"कळतंय."

"मग?"

ती डोळे पुसत जिना उतरली, आणि तो तिच्या मागे गेला.

तिसऱ्या बैठकीच्या दुपारी उकाडा होता. खाली बंब धूत होते. पाण्याचा आवाज वर येत होता. मॅडमनी नियम वाचून दाखवला आणि आज हे शेवटचे आहे, हेही सांगितले. बहिणीने पदराचे टोक मुठीत घट्ट धरले होते.

शिंपीणबाईंनी या वेळी मला उजव्या हातात घेतले. मुद्दामच घेतले, वायरमनने पाहावे म्हणून. "हे बघ. असा धरता येतो मला आता," त्या म्हणाल्या. अंगठा मिटला नाही. मी निसटलो, फरशीवर आपटलो आणि घरंगळत वायरमनच्या पायांपाशी गेलो.

त्याने दोन्ही पाय वर उचलले. सापाला पाहून उचलावेत, तसे.

हवालदारांना वाटले, आपण मदत करावी. गुडघ्यावर हात टेकून ते वाकले, मला उचलले आणि सरळ झाले. ते आता वायरमनच्या अगदी समोर उभे होते, आणि मी त्यांच्या मुठीत होतो. वायरमन खुर्चीसकट मागे सरकला. खुर्चीचे पाय फरशीवर करकरले. हात काखेत आणखी खोल गेले.

"अरे अरे," हवालदार हसले. "मी काय मारतोय का तुला?"

दुसरे कोणी हसले नाही.

"मारलं होतंत," वायरमन म्हणाला.

"दादा, हातात दंड नसताना..." मॅडमनी सुरुवात केली.

"थांबा हो मॅडम," शिंपीणबाई म्हणाल्या. "कोणी मारलं होतं? कोणाला?"

"यांनी. मला. यानंच. ते कडं ओळखतो मी, त्या पोच्यासकट. चौकीच्या आतल्या खोलीत हात पुढे करायला लावले होते. सायकल चोरली म्हणून."

हवालदारांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. ते खोटे बोलण्याच्या तयारीत नव्हते. ते खरोखरच शोधत होते. "नाही रे आठवत," ते शेवटी म्हणाले. "खरंच नाही. फार जण असायचे."

"मला आठवतंय. तुम्ही बोल म्हणालात, मी बोललो. मीच चोरली म्हणून सांगितलं."

बहीण उठून उभी राहिली. "सायकल? त्या सायकलसाठी तू दोन महिने आत होतास. मी गावभर तोंड लपवत फिरले तुझ्यापायी. आणि तुला तर सायकल चालवताही येत नाही!"

"तेव्हाही येत नव्हती, ताई."

ती मटकन खाली बसली. मॅडमनी पाण्याचा पेला उचलला, आणि कोणाला द्यावा ते न कळून तसाच हातात ठेवला.

"मॅडम, केबल मी कापली," वायरमन म्हणाला. "ती मीच कापली, त्याबद्दल काही म्हणणं नाही माझं. पण याच्यासमोर मी आयुष्यात एकदाच बोललोय, आणि तेव्हा खोटं बोललोय. मावशींनी जे विचारलंय त्याचं खरं उत्तर द्यायचंय मला. हे हातात धरून ते यायचं नाही."

मॅडमनी भिंतीवरच्या नियमाकडे पाहिले. नियमाप्रमाणे त्यांनी आत्ता जे ऐकले ते बोलणे नव्हते. नियमाप्रमाणे हा माणूस तिसऱ्यांदा गप्प राहिला होता, आणि त्याची फाइल उद्या कोर्टात जायची होती.

"ते बाहेर ठेवा," शिंपीणबाई म्हणाल्या.

"समितीनं ठराव केलाय त्याचा, मावशी. मी काय सांगू त्यांना?"

"सांगा, शिंपिणीच्या हातात राहत नाही म्हणून."

मॅडम उठल्या. चपला न घालता, अनवाणीच, त्यांनी हवालदारांच्या हातातून मला घेतले. हवालदारांनी विरोध केला नाही. मूठ सैल पडली, एवढेच. मॅडमनी दार उघडले, मला बाहेर जिन्याच्या वरच्या कठड्याशी टेकवले आणि दार लोटून घेतले. त्या दाराची कडी बसत नसे, त्यामुळे पुढचे मी ऐकले. पाहिले मात्र नाही.

आधी खुर्च्या सरकल्या. मग शिंपीणबाईंचा आवाज आला. "हं. आता बोल."

"मनात आलं होतं," वायरमन म्हणाला. "कोणीतरी असेल, हे आलं होतं. मी ते बाजूला सारलं. मला वाटलं, दिवे गेले की लोक पालिकेला शिव्या घालतील, ठेकेदाराला घालतील. दोन वर्षं त्याच्याकडे खपलो मी, आणि त्यानं साधं तोंडावर सांगितलंही नाही, दुसऱ्याकडून निरोप पाठवला. शिव्या खाऊ देत, असं वाटलं. तांब्याचं नंतर सुचलं."

"शिव्या मीच घातल्या पालिकेला. पायरीवर आडवी पडून. ऐकायला यायला हवं होतंस."

"मला पकडल्यावर कळलं तुमचं."

"आणि कळल्यावर?"

"जेवण गेलं नाही."

"माझं बरं जात होतं," त्या म्हणाल्या. "डाव्या हातानं. अर्धं अंगावर."

कोणीतरी नाक ओढले, बहीण असावी. वायरमनने विचारले, "कापड कोण कापतं आता?"

"सून. एक बाही ढगळ, एक तंग. गिऱ्हाइकं म्हणतात, मावशी, दोन वेगळ्या माणसांची मापं घेतलीत का?" मग त्यांचा आवाज बदलला. "हे बघ, तुला आत घालून माझा अंगठा मिटणार नाही. मिटत असता तर घातलं असतं, खोटं कशाला बोलू. पण गल्लीत अजून अंधार आहे. मी पडले तशी उद्या दुसरी कोणी पडेल. पालिकेचा माणूस येईल तेव्हा येईल. तूच टाकली होतीस ना ती केबल? तूच टाक परत."

"टाकतो."

"टाकेल मावशी," बहीण म्हणाली. "नाही टाकली तर मीच त्याला..."

"अहो!" मॅडम म्हणाल्या.

मग तिघी एकदमच बोलू लागल्या, त्यात वायरमनही मिसळला. कोणाचे वाक्य कुठे संपते ते कळेना. मधूनमधून मॅडम "एकेक, एकेक" म्हणत होत्या. एकदा हवालदारांनी विचारले, शिडी लागेल का. कोणीतरी हो म्हणाले.

संपल्यावर माणसे बाहेर आली. शिंपीणबाई आणि बहीण बोलत बोलत जिना उतरल्या. मॅडम फाइल काखेत मारून गेल्या. वायरमन बुटाची नाडी बांधायला खाली बसला होता. हवालदार त्याच्यापाशी थांबले. त्यांनी मला उचलले नाही, नुसते पाहिले.

"किती मारलं होतं रे?" त्यांनी विचारले.

"मोजलं नाही," वायरमन म्हणाला.

हवालदारांनी मान हलवली आणि कठडा धरून ते एकेक पायरी उतरत गेले.

तेव्हापासून मी इथेच आहे, कठड्याशी. बैठका आत चालतात, कोणाच्या हातात काही नसते. सगळे एकदम बोलतात, मॅडमचा घसा बसतो, बैठक लांबते. मॅडम पूर्वीपेक्षा जास्त थकलेल्या दिसतात. मिटणारी प्रकरणे पूर्वीपेक्षा फार जास्त आहेत असेही नाही; थोडी जास्त असावीत. भिंतीवरचा नियम बदलला का, ते मला इथून दिसत नाही. एकदा सभापती दुसऱ्या गावच्या पाहुण्यांना घेऊन आले आणि त्यांनी संवाददंडाची चौकशी केली. मला फोटोपुरते आत नेले. फोटो झाल्यावर मॅडमनी पुन्हा बाहेर आणून ठेवले. सभापतींनी पाहिले, पण काही विचारले नाही.

मला जाळा, पुरा किंवा काचेच्या कपाटात ठेवा, असे माझे काहीच म्हणणे नाही. मी फार दमलो आहे, आणि कठडा बरा आहे. मागणे एकच. तुमच्या पालिकेला कधी अशी सुंदर कल्पना सुचली, तर टाळ्या वाजवण्याआधी ती वस्तू ज्यांच्या हातात द्यायची, त्यांना एकदा विचारून घ्या. कल्पना सुंदर असली की हे विचारायचे राहून जाते, असे मी पाहिले आहे.

पुढे काय झाले ते जिन्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या बोलण्यातून मला कळले. वायरमनची फाइल कोर्टात गेली नाही. त्याने शाळेमागच्या गल्लीत केबल टाकली आणि दिवे लागले. शिंपीणबाईंचा अंगठा मिटला नाही.